बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या मदतगारांचे आभार

कॅम्पर व्हॅन आणि कुत्रा घेऊन आठवडाभर निर्धास्त फिरता आलं, ते तुमच्यामुळे.

जांबोटी रस्त्यावरचे पंक्चरवाले काका, मागच्या जोडचाकांत अडकलेला दगड तुम्हीच हेरलात. असा दगड दोन्ही टायरच्या आतल्या बाजू कापत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्ही पहारीने तो काढलात, साबणाचं पाणी लावून आतल्या टायरचा व्हॉल्व्हही तपासलात. वर पैसे घ्यायला नकार!

जनावरांच्या दवाखान्यातले दादा, गोचीड काढायची रीत तुम्ही नीट दाखवलीत: केस बाजूला सारून चिमटा कातडीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचं. पिळायचं नाही, रॉकेल तर नाहीच. तोंड तुटून आत राहतं, आणि डिवचलेली गोचीड जखमेत लाळ सोडते. बोटांच्या बेचक्या, कानामागची जागा, पट्ट्याखालची मान रोज संध्याकाळी पाहा, हे तुमचं सांगणं प्रत्येक कुत्रेवाल्याने ऐकावं.

भीमगड अभयारण्यात कुत्रा चालत नाही, हे आधीच सांगणाऱ्या भाऊंचेही आभार.

आणि हलशीच्या मावशी! कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर आम्ही आळीपाळीने पाहिलं, तोवर तुम्ही कुत्र्याला सावलीत जागा आणि पातेलंभर पाणी दिलंत. उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच जीवघेणी तापते, काच थोडी उघडी ठेवूनही. तुमचे उपकार फार मोठे.