अकरा वह्या बाजूला ठेव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या सत्राला आग्नेय आशियाचा इतिहास आणि समाज हा विषय घेतलास, छान केलंस. पण अकरा देशांच्या अकरा वह्या घातल्यास म्हणतोस, तिथेच घोटाळा आहे. मुळात ‘आग्नेय आशिया’ हे नाव रुळलं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली माउंटबॅटनच्या हाताखाली दोस्तांची लष्करी कमान उभी राहिली तेव्हा. सरहद्दी पुष्कळशा गोऱ्यांनी आपसांत ठरवलेल्या. १८२४ च्या इंग्रज-डच तहाने मलाक्क्याच्या सामुद्रधुनीचे दोन काठ वाटून घेतले, म्हणून एकाच मलय जगाचा एक काठ आज मलेशियात आणि समोरचा इंडोनेशियात. तुझ्या वह्यांत या दोन काठांची कधी गाठच पडणार नाही.

त्यापेक्षा एक कोरा नकाशा घे, समुद्र ऐसपैस दिसेल असा, आणि त्यावर सगळ्यांत आधी वारे काढ. साधारण जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा. गुजरातेतलं किंवा कोरोमंडलचं जहाज एका वाऱ्यावर पूर्वेला जायचं, चीनचं दुसऱ्या वाऱ्यावर खाली उतरायचं. दोघांची भेट सामुद्रधुनीच्या आसपास, आणि वारा फिरेपर्यंत तिथेच मुक्काम. मुक्काम आला की वखारी आल्या, सावकार आले, दुभाषे आले, लग्नं झाली, देवळं आणि मशिदी उभ्या राहिल्या. सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्याचं पालेम्बांग बंदर असंच वाढलं. नालंदेला निघालेला चिनी भिक्षू इत्सिंग ६७१ साली तिथे सहा महिने राहिला, तो संस्कृत व्याकरण शिकायला! पंधराव्या शतकातल्या मलाक्का बंदराचीही तीच तऱ्हा. गोवा हाती येऊन वर्ष व्हायच्या आत, १५११ त, पोर्तुगीज अल्बुकर्कने मलाक्का घेतलं; पण मुसलमान व्यापारी आचे, जोहोर, बांतेन या दुसऱ्या बंदरांकडे वळले आणि पोर्तुगीजांच्या हाती किल्ला आणि अर्धामुर्धा व्यापार उरला. हे एक प्रकरण नीट कळलं तरी निम्मा अभ्यासक्रम उलगडतो.

दुसरी गोष्ट माणसांची. तिथे जमीन मुबलक आणि कसणारे हात थोडे. त्यामुळे लढाईत मुलखापेक्षा माणसं महत्त्वाची. १७६७ ला ब्रह्मी फौजेने सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी अयुथ्या पाडली तेव्हा हजारोंना कैद करून नेलं. राजाची सत्ता राजधानीशी घट्ट, लांब जावं तशी विरळ, आणि दोन राजांच्या वर्तुळांत एकच सरदार सापडलेला. कंबोडियाचा राजा सयाम आणि व्हिएतनाम दोघांनाही नजराणे पाठवी. अभ्यासक याला ‘मंडल’ म्हणतात. मुलूख निजामाचा आणि चौथाई मराठ्यांची, हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे ही कल्पना युरोपातल्या विद्यार्थ्यापेक्षा तुला लवकर पटेल. म्हणून १८०० पूर्वीच्या नकाशावर सरहद्दीची रेघ ओढू नकोस. पेन्सिलीने वर्तुळं काढ, एकमेकांवर आली तर येऊ देत.

आता आपल्या लोकांचा हमखास पाय घसरतो ती जागा: ‘बृहत्तर भारत’, म्हणजे हा सगळा मुलूख भारताचाच विस्तार ही समजूत. कंबोडियातलं अंकोरवाटचं देऊळ बांधलं ते तिथल्याच ख्मेर राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने, बाराव्या शतकात. तिथे भारताची वसाहत नव्हती. राजेंद्र चोळाची श्रीविजयावरची १०२५ ची स्वारी खरी, पण ती स्वारीच. तिथल्या राजांनी ब्राह्मण ठेवले, संस्कृत घेतली, रामकथा घेतली. आपली जातिव्यवस्था मात्र जशीच्या तशी उचलली नाही. नातं आई आणि बाप दोघांकडून मोजत राहिले, बाजार बायका चालवत राहिल्या. ख्मेर शिलालेखांत संस्कृत श्लोक देवाची आणि राजाची स्तुती करतात, तर ख्मेर भाषेतल्या ओळी शेतं, भात आणि देवळाला दिलेले दास मोजतात. नुसता संस्कृत भाग वाचलास तर समाज दिसणारच नाही. निबंधात ‘भारतीय प्रभाव’ लिहायचा झाला तर कोणावर, केव्हा, कुठल्या लेखावरून, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

वसाहतकाळाच्या सनावळ्या तुझ्या पुस्तकात मिळतील. ब्रह्मदेश मात्र जरा निवांत वाच. १८८५ ला मंडालेहून हद्दपार झालेला थिबा राजा १९१६ साली रत्नागिरीत वारला, एवढं आपल्याकडे माहीत असतं. त्याच काळात खालच्या ब्रह्मदेशात भाताचं प्रचंड पीक निघत होतं, तेही चेट्टियार या तमिळ सावकारांच्या कर्जावर. १९३० नंतर भाताचे भाव कोसळले, कर्जं थकली आणि दशक सरेपर्यंत तिथली जवळपास पाव भातजमीन चेट्टियारांकडे गेली. तिथल्या भारतीयविरोधी रागाचं एक मूळ इथे आहे.

एक किरकोळ, पण गुण खाणारी बाब. ब्रह्मी माणसाला आडनाव नसतं. संदर्भसूचीत आंग सान सू ची ‘आ’खालीच लाव. सुकार्नो हे एकच नाव, पुढचं-मागचं शोधत बसू नकोस. थाई माणूस पहिल्या नावाने ओळखला जातो. व्हिएतनामी आडनाव आधी येतं, पण हाक शेवटच्या नावाने, म्हणून सूचीत ‘व्हो न्गुयेन जाप’ आणि मजकुरात ‘जनरल जाप’.

पहिल्या निबंधाला एकच बंदर घे, शंभर वर्षांपुरतं. नकाशा झाला की फोटो पाठव. आणि बाण उलटे काढू नकोस: नैर्ऋत्य वारा नैर्ऋत्येकडून येतो, तिकडे जात नाही.

तुझा मित्र