विषय: १२० पिना केस हार्डनिंगला दिल्या, एका बाजूला कानस चालतेय म्हणजे नरम आहेत

साहेब,

फोनवर तुमच्याकडून आधी 'ग्राइंडिंगमध्ये जळाल्या', मग 'फुकट परत भट्टीत घालून देतो' असं ऐकलं, तुमचा माणूस दोनदा 'बघतो, कळवतो' बोलला आणि नंतर उचलतच नाही, म्हणून लिहून पाठवतोय. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यातून २० एमएन सीआर ५ स्टीलच्या १२० पिना कार्बन चढवून वरची साल कडक करायला (केस हार्डनिंग) दिल्या होत्या, चलनावर स्वच्छ लिहिलंय, केस डेप्थ म्हणजे कडक सालीची जाडी १.० ते १.२ एमएम, हार्डनेस ५८ ते ६२ आणि आट्यांना पेस्ट लावायची म्हणजे तिथे कार्बन चढणार नाही.

माल आला, तुमच्या रिपोर्टात हार्डनेस ६०, आम्ही खूश. ग्राइंडिंगला लावल्यावर पहिल्याच पिनेला व्हील एकाच बाजूने लागायला लागलं, दुसरी बाजू काळीच्या काळी. सेंटरमध्ये धरून डायल गेज लावला तर फिरवताना मधोमध ०.४ मारतेय, म्हणजे पिन ०.२ वाकलेली, पिना उभ्या टांगायच्या सोडून बास्केटमध्ये आडव्या ओतून तशाच तेलात सोडल्या असणार. तिथेच थांबायला पाहिजे होतं हे मान्य, पण गणपतीच्या आधी माल द्यायचा होता.

साइज झाल्यावर कानस मारून बघितली. एका बाजूला काचेसारखी सरकते, पिन फिरवली की दुसऱ्या बाजूला चक्क बुकणी पडते. मग एक पिन पाणी मारत कापली आणि लॅबमधून तपासून घेतली, व्हील लागल्यात जमा नव्हतं त्या बाजूलाही केस निघाली जेमतेम ०.५! ग्राइंडिंगला बाजूला ०.२ ठेवलेलं, त्यात ०.२ चा बाक, म्हणजे मधे एका बाजूचं ०.४ निघून गेलं, राहिलं काय तर ०.१. तुमचं ते ६० ग्राइंडिंगच्या आधीचं, वरवरचं, ते आता कुठे चाटू?

वर तुम्हीच बोलता की ग्राइंडिंगमध्ये जळाल्या. मग जिथे व्हील जास्त लागलं तिथेच सगळ्या पिना कशा नरम, आणि नायटल (जळालेली जागा दाखवणारं ॲसिड) लावून बघितलं तर जळाल्याचा एक डाग नाही. भट्टी ९३० डिग्रीला असली तरी खोली दुप्पट पाहिजे तर वेळ चौपट लागतो हे तुम्हाला मी सांगायचं का, आमच्या पिना दुसऱ्या कुणाच्या पातळ केसच्या लोडबरोबर बाहेर काढल्यात असंच मला वाटतंय. पेस्टचा तर पत्ताच नाही, आटेही कडक झालेत, पार्टीकडे नट आवळताना दोन पिनांच्या आट्यांचे टवके उडाले.

फुकट परत भट्टीत घालून देतो ही ऑफर नको. पिना फायनल साइजला आल्यात, परत तेलात बुडवून वाकल्या तर घासायला मटेरियल कुठून आणू?

मला त्या लोडचा टेम्परेचर चार्ट आणि सोबत टाकलेला टेस्ट पीस पाहिजे, आणि १२० पिनांचं मटेरियल, टर्निंग, ग्राइंडिंग सगळं बिलातून वळतं करा. पार्टीकडच्या धरून ११९ पिना आणि कापलेलीचे तुकडे गाळ्यात ठेवलेत. शनिवारपर्यंत कुणालातरी पाठवा, कानस इथे आहे, स्वतः मारून बघा.