आबांच्या कपातून चहा घेणाऱ्या आशाताईंना

ताई,

वयानं तुम्ही माझ्याहून लहान, आमच्या गावची सून आणि गावची आशा सेविका. पण अख्खं गाव तुम्हाला आशाताई म्हणतं, म्हणून मीही ताईच म्हणते. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "असू द्या वो आक्का, कामच हाय ते" म्हणून विषय बदलता. त्यामुळं आता सगळ्यांसमोर लिहिते. इथं तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

आबांची कथा आटपाडी-खानापूरकडच्या माणसाला नवी नाही. पाऊस हात देत नाही म्हणून आपल्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात शिरतात आणि परमुलखातल्या गावी सोन्याचांदीच्या भट्टीपुढं आयुष्य काढतात. आबांनी ते कोइमतूरला काढलं. खोकला धरला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं ॲसिडच्या धुराचा आहे म्हणून बाटली दिली. दुसऱ्यानं बाटली बदलली. संध्याकाळचा बारीक ताप, अंगावर लोंबणारा सदरा, सगळं समोर दिसत होतं, पण बेडका तपासावा असं एकालाही सुचलं नाही. फी मात्र दोघांनीही मोजून घेतली. गावी आल्यावर नाव ऐकून एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या माणसानं नुसत्या क्षयाच्या संशयावर नाकाला रुमाल लावला आणि "लांब उभं राहा" म्हणून दाराकडं बोट केलं. आबा गाडीत घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तुम्ही आला होता शेजारच्या बाळंतिणीकडं. भिंतीपलीकडून खोकला ऐकलात आणि आपणहून आमच्या सोप्यात येऊन विचारलंत, "आबा, किती दिस झालं ह्याला?" इतक्या लोकांना पैसे देऊन जो प्रश्न आम्हाला विकत मिळाला नव्हता, तो तुम्ही फुकट विचारलात. पुढची बेडक्याची डबी, तपासणी, नोंद, घरातल्या पोरांची तपासणी, सगळं तुम्हीच मार्गी लावलंत, त्याचा पाढा वाचत नाही. एवढं मात्र सांगते, "गोळ्या चालू झाल्या की लघवी लाल हुईल, भ्यायचं न्हाई" हे तुम्ही आधीच बजावलं नसतं, तर आबांनी त्या पहिल्याच सकाळी उकिरड्यावर टाकल्या असत्या.

पण हे पत्र गोळ्यांसाठी नाही, चहासाठी आहे.

निदान झाल्यावर आबांनी स्वतःच आपलं ताट, तांब्या, कप वेगळा केला. कान तुटलेला निळा कप सोप्याच्या कोनाड्यात ठेवायचे, स्वतः विसळायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही सांगून थकलो. तुम्ही गोळ्या द्यायला आलात, आईनं चहा टाकला, आणि तुम्ही उठून कोनाड्यातला तो कप काढलात, विसळलात आणि आईपुढं धरलात, "ह्यातच घाला." आबा हां हां करत उठले, तोवर तुम्ही पहिला घोट घेतला होता. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, असलं काही समजावत बसला नाहीत. बाळंतिणीचं बाळ रात्री झोपू देत नाही, डांबरीचं काम कुठवर आलंय, असल्या गप्पा मारत कप संपवलात आणि इतर कपांबरोबर मोरीत ठेवून गेलात. त्या रात्री आबा चुलीपुढं येऊन आमच्या पंगतीला बसले. आई भाकरी थापता थापता पदरानं डोळे पुसत होती आणि धुराला शिव्या देत होती.

नंतर मी या आजाराबद्दल वाचत गेले. दुसरं महायुद्ध संपताना स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध नुकतं हाती आलं होतं. आपल्याकडं देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात क्षयाचे रुग्ण अंदाजे 25 लाख आणि त्यांच्यासाठी खाटा जेमतेम 6,000, असा हिशोब आहे. बाकीच्यांनी जायचं कुठं? आमच्या भागातल्या थोड्यांच्या नशिबी मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांचं इस्पितळ, असायचं, उरलेल्यांच्या नशिबी गोठ्याशेजारची खोली. मग 1956 पासून मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. निम्म्या रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधं दिली. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळं घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. म्हणजे माणसाला घराबाहेर काढायची गरज नाही, हे सिद्ध होऊन साठ वर्षं उलटून गेली. मोठ्या दवाखान्यातल्या त्या रुमालवाल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. तुमच्यापर्यंत पोचलं, आणि तुमच्याकडून आमच्या कोनाड्यापर्यंत.

एक गोष्ट मात्र मला सलते. रुग्णाचा सहा महिन्यांचा कोर्स पार पाडला की तुमच्या हातावर 1,000 रुपये पडतात. आबांना पोषण आहाराचे महिन्याला तेवढेच मिळत होते, तेही खात्यावर आले की नाही हे तुम्हीच विचारायचा! 2024 च्या सुरुवातीला आशाताई मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, तेव्हा आमच्याच पारावर कुणीतरी म्हणालं होतं, घरोघर फिरायला पैसे कशाला लागतात. त्यानं हे पत्र जरूर वाचावं. उन्हातान्हात वाड्यावस्त्या तुडवायच्या, कुणाच्या घरी पाणीसुद्धा विचारत नाहीत, कुणी दारातूनच "आमच्याकडं कोण आजारी न्हाई" म्हणून वाटेला लावतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारात हसून उभं राहायचं. गावात चांगुलपणा उरलेला नाही म्हणणाऱ्यांची मला आता चीड येते. उरलाय, फक्त त्याचं मानधन थकलेलं असतं.

आबांच्या गोळ्या संपल्या, शेवटची तपासणी चांगली आली, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं. सदरा पुन्हा अंगाला बसायला लागलाय. आता त्यांनी खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार खोंड बघायला जायचा हट्ट धरलाय. घ्यायचा नाही, नुसता बघायचा, असं म्हणतात, पण आईचा विश्वास नाही. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तू कोण सांगणार? ताईला इचार."

तेव्हा ताई, जाऊ द्यायचं का, ते तेवढं कळवा. आणि हो म्हणणार असाल तर खोंड घेऊ नका म्हणूनही तुम्हीच सांगा, आमचं ते ऐकत नाहीत.

तुमची,
आबांची थोरली