हात खाली, सुमे

लुकन, डब्लिन
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

सुमे,

तुझ्या तीन व्हॉइस नोट पडून आहेत, माहीत आहे. शिव्या दे, पण आधी हे वाच. तब्येती ठीक. बीपीची गोळी चालू, महेशचे गुडघे तेच.

मी नाचायला लागलेय. हसून घे. चिऊला आयरिश डान्सच्या क्लासला सोडायचं आणि तासभर गाडीत बसून मेथी निवडायची, असं वर्षभर चाललं होतं. मग तिच्या बाई म्हणाल्या, मंगळवारी मोठ्यांचा क्लास असतो, अगदी नवख्यांचा, ये की! वेगळे बूट लागत नाहीत, आहेत त्या मऊ बुटांवर सुरू कर. खडखड वाजणारे बूट पुढे, पाय तयार झाल्यावर.

पहिला धडा ‘सेव्हन्स’. उजवा पाय डाव्याच्या पुढे, चवडे बाहेर वळलेले, टाचा वर, आणि तसंच सात मोजत आडवं सरकायचं. मग दोनदा एक-दोन-तीन. वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना बसून उतरले.

पण पायांचं काही नाही गं, हात! ते दोन्ही बाजूंना खाली, निमूट. का, याच्या इथे दहा गोष्टी सांगतात आणि बाई म्हणतात एकीवरही विश्वास ठेवू नका. आपलं लेझीम आणि कोळीगीतात गेलेलं आयुष्य! रील, म्हणजे इथल्या नाचाची जलद चाल, वाजायला लागली की माझा उजवा हात आपोआप वर. बाईंनी मुठीत एकेक नाणं दिलंय, पडलं की बिस्किटाच्या डब्यात. आतापर्यंत अख्ख्या वर्गाची बिस्किटं मीच पोसलीत. इथे पश्चिमेला कोनेमाराकडे शॅन-नोस म्हणून जुना नाच आहे, त्यात हात मोकळे. म्हटलं, मला तिकडेच पाठवा.

वर्गातल्या बहुतेक बायका आपल्याच वयाच्या. १९९४ साली युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात रिव्हरडान्स हा आयरिश नाचाचा कार्यक्रम पहिल्यांदा झाला, तो यांनी शाळकरी वयात टीव्हीवर पाहिलेला. तेव्हापासून मनात होतं, म्हणतात. आपण तेव्हा नववीत.

आता मुद्दा. वर्षअखेरीला हॉलमध्ये छोटा कार्यक्रम आहे, मुलं आणि आया मिळून रील. आज तालमीला चिऊ सगळ्यांदेखत बाईंना म्हणाली, “आईला मागच्या रांगेत ठेवा, तिचे हात चुकतात.” बाई हसल्या आणि मला मागे नेलं. मीही हसले. मग गाडीत बसून राहिले, किल्ली फिरवेना.

सुमे, नववीच्या गॅदरिंगला जोशीबाईंनी तुला पहिल्या रांगेतून काढलं, ते त्यांच्या मनाने नव्हे. मी सांगितलं होतं, “बाई, सुमीचे हात चुकतात.” चुकत नव्हते. मला मधली जागा हवी होती. तू जन्मभर जोशीबाईंना नावं ठेवलीस आणि मी शेजारी बसून हो ला हो केलं. नंद्याच्या लग्नातसुद्धा! (तिथे तू माझ्या साडीवर पन्हं सांडलंस, ते मुद्दाम होतं ना? आता फिटलं म्हण.)

चिऊने निदान तोंडावर सांगितलं.

तिला आता ‘फेश’ला, म्हणजे स्पर्धेला, जायचंय आणि कुरळ्या केसांचा टोप हवाय. मोजे घसरू नयेत म्हणून इथे पोटऱ्यांना चक्क गोंद लावतात, ठाऊक आहे? आपण रबरबँड लावायचो, रात्री वळ उठायचे.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? गिलाव्याचे पैसे त्या माणसाने परत दिले की नाही? ओमला बारावीसाठी पेढे आधीच खाऊन ठेव म्हणावं.

मेमध्ये येतेय. बोलणार नसशील तरी स्टेशनवर ये, पन्हं आण. फोनवर हे सांगायला जमलं नसतं, आणि तू मध्येच हसली असतीस.

तुझी,
मधल्या जागेवरची

ता. क. नंद्याला यातलं काही सांगू नकोस. नाचाचं तर मुळीच नको.