टायटॅनियममध्ये ॲल्युमिनियम किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात सी-२९५ विमानांचा कारखाना आल्यापासून आपल्या पुरवणीत विमानाच्या धातूंवर लेख येतात, हे छानच. पण परवाच्या लेखाची गाडी ‘ॲल्युमिनियम मिसळले की टायटॅनियम हलके आणि मजबूत होते’ एवढ्यावरच थांबली. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये टायटॅनियमचे तुकडे घासण्यात, पॉलिश करण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून राहवले नाही.

टायटॅनियमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. सहाच का, दहा का नाही? कारण प्रमाण सात-आठ टक्क्यांपुढे गेले आणि पार्ट ५००-६०० अंश सेल्सिअसला बराच काळ राहिला, की आत तीन टायटॅनियमला एक ॲल्युमिनियम असे संयुग तयार होऊ लागते. साध्या मिश्रधातूत अणू पंगतीत हवे तिथे बसतात. इथे प्रत्येकाचे पान ठरलेले. सहज सरकता येत नाही, म्हणून धातू कडक होतो आणि ठिसूळही. खाऱ्या पाण्यात ताणाखाली तर लवकर तडकतो. कथील, झिर्कोनियम, ऑक्सिजन हेही धातूला याच संयुगाकडे ओढतात, तेव्हा एकट्या ॲल्युमिनियमचा हिशोब पुरत नाही.

बरे, या संयुगाचे कण दिसतही नाहीत. नमुना आम्ही हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणात काही सेकंद बुडवायचो. (हायड्रोफ्लोरिक काच खाते, म्हणून बाटली प्लास्टिकची, आणि हातमोजे न घालणाऱ्या पोरांना माझी बोलणी.) ग्रेन, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक, स्वच्छ दिसायचे, पण काही नॅनोमीटरचा कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय सापडत नाही. ‘फोटो तर चांगला आहे, मग तुटला कसा?’ असे गिऱ्हाईक विचारी, ते उगीच नव्हे.

पण म्हणून या संयुगांना सरसकट खलनायक ठरवू नये. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम जवळजवळ निम्मे-निम्मे घेतले, की तयार होणारे संयुग साध्या टायटॅनियमने हात टेकल्यावरही, ७५० अंशांच्या आसपास, टिकते आणि निकेलच्या मिश्रधातूंच्या निम्म्याच वजनाचे असते. बोइंग ७८७ च्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांची पाती याचीच आहेत. थंड असताना मात्र ते जेमतेम एक-दोन टक्के ताणले जाते, त्यामुळे ओतकाम आणि मशिनिंग करणाऱ्याची परीक्षाच. तसेच टायटॅनियमच्या मिश्रधातूत चिमूटभर सिलिकॉन घालून मिळणारे सिलिसाइडचे, म्हणजे सिलिकॉनच्या संयुगाचे, कणही तापलेल्या भागाला भाराखाली हळूहळू लांबू देत नाहीत.

आणि आपल्या लेखात यायलाच हवी होती अशी गोष्ट : दोन टायटॅनियम, एक ॲल्युमिनियम, एक नायोबियम अशा संयुगाची नवी रचना १९८८ मध्ये दीपंकर बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेतून जगापुढे मांडली. आज जगभर तिच्यावर काम चालते. कलाभवन या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेच्या गावातल्या मेटलर्जीच्या मुलांना हे परदेशी पुस्तकातून कळावे, हे काही बरे नाही. पुढच्या पुरवणीत एक पान द्यावे, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
दांडिया बाजार, बडोदे