पानाच्या मधोमध एक उभी रेघ

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या वस्तीत पुनर्वसनाची बैठक झाली. पर्वतीच्या पायथ्याशी, देवळासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. शे-दीडशे माणसं जमली होती आणि पंधरा मिनिटांत सगळी एकदमच बोलायला लागली. इमारत झालीच पाहिजे म्हणणारे एका बाजूला, आम्ही हलणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मी मागे बायकांमध्ये बसले होते. पर्समधून वही काढली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'हवी', उजवीकडे 'नको'. पाऊण तास नुसती लिहीत राहिले. मग हात वर केला.

माझं स्वतःचं मत 'हवी' असं आहे. पण मी उठले ती आधी 'नको'वाल्यांचं म्हणणं सांगायला. हातगाडी चौथ्या मजल्यावर कशी न्यायची? लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीचे पैसे कुणी भरायचे? तात्पुरत्या घरात किती वर्षं काढायची, आणि हे लेखी कोण देणार? हे सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं आणि त्यानंतर माझी बाजू. बसले तेव्हा सगळ्यात जोरात विरोध करणारे काका उठले. ते भाजीची गाडी लावतात. म्हणाले, "पोरीनं आमचं बरोब्बर सांगितलं. आता तिचं काय म्हननं आहे त्यावर बोलू."

निर्णय काही झाला नाही. दोन्हीकडची तीन-तीन माणसं बसून प्रश्नांची एकच यादी करणार, एवढंच ठरलं. पण रात्री झोप येईना. ती उभी रेघ मला कुणी शिकवली ते डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. तुमचं नाव यात लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे. तरी पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण शनिवारच्या त्या वर्गातली मी काही एकटी नाही.

शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. सगळी मुलं दप्तरं घेऊन पळायची आणि आम्ही दहा-बारा जण चित्रकलेच्या वर्गात जायचो. टेबलावर हातानं दाबायची पितळी घंटा आणि तुमचं घड्याळ. पहिल्याच शनिवारी तुम्ही मला उभं केलंत आणि मी सुरू झाले, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, मी आज तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत..." टण्. घंटा वाजली. तुम्ही म्हणालात, "वीस सेकंद गेली. आत्तापर्यंत तू काय सांगितलंस?" मी गप्प. "मग तिथूनच सुरू कर, जिथं तुला खरंच काहीतरी सांगायचंय." आठवीपर्यंत प्रत्येक भाषण मी पाठ करून म्हटलं होतं, बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला विचार करावा लागला की मला काय सांगायचं आहे.

आता 'ण'बद्दल. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

आम्ही बार्शीकडचे. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. घरात सगळे 'पानी', 'कोन', 'आनि' असंच बोलायचो आणि त्यात काही वावगं आहे हे मला नववीपर्यंत माहीतही नव्हतं. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी पाण्यावर बोलले. वस्तीतला सार्वजनिक नळ, पहाटे चारची रांग, हंड्यांवरून होणारी भांडणं. मला वाटलं, चांगलं झालं. निकालाआधी एक परीक्षक मनोगत सांगायला उठले आणि म्हणाले, ज्यांना पाणी म्हणता येत नाही त्यांनी निदान पाण्यावर तरी बोलू नये. सभागृह हसलं. माझ्या शेजारची मुलगीही हसली. मी मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसले.

टिळक रोडवरून बसस्टॉपपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात आणि एक अक्षरही बोलला नाहीत. समजूत घातली असतीत तर मी रडले असते आणि परत कधी उभी राहिले नसते. पुढच्या शनिवारी तुम्ही फळ्यावर लिहिलंत: ट ठ ड ढ ण. सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलंत, एकट्या माझ्याकडून नाही. "ट म्हणताना जिभेचं टोक कुठं लागतं बघा. वर, मागे वळून. आता जीभ तिथंच ठेवा आणि आवाज नाकातून सोडा." तीन आठवडे लागले. आला. मग तुम्ही मला बाजूला घेऊन जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं: "हा उच्चार शिकायचा तो एवढ्यासाठीच, की त्याचं निमित्त करून कुणाला तुझा मुद्दा टाळता येऊ नये. आईशी बोलताना 'पानी'च म्हणायचं. ती भाषा खोटी नाही."

त्याच दिवशी तुम्ही मुक्ता साळवेंचा निबंध वाचून दाखवलात. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, आमच्याएवढीच, मातंग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला होता. आम्ही ज्या पेठांतून रोज शाळेत चालत यायचो त्याच पुण्यात बसून तिनं तो लिहिला. तुम्ही वाचत होतात, आणि पेशवाईत आपल्या माणसांचं काय होत होतं ते ती नाव घेऊन, जागा सांगून लिहीत होती. वर्गात कुणी हललं नाही. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि इतकंच विचारलंत की यात तिनं कुठं रडून दाखवलंय का. मग आम्ही परत ओळ न् ओळ शोधली. ती प्रश्न विचारते. धर्म जर आमचा आहे तर त्याचे ग्रंथ आम्हाला का वाचू देत नाहीत, असा तिच्या म्हणण्याचा रोख. पाण्यावरचं माझं भाषण मी पुन्हा लिहिलं ते त्या रात्री. त्यातून सगळी हळहळ काढली आणि प्रश्न ठेवले.

दहावीच्या वर्षी तुम्ही आम्हाला संमतिवयाचा कायदा दिलात. 1891 चा. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 करणारा. आगरकर कायद्याच्या बाजूनं, टिळक विरोधात. एके काळी दोघांनी मिळून शाळा काढली, 'केसरी' काढला, आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढं मतभेद झाले आणि आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' सुरू केला. दोघंही आमच्याच गल्लीबोळांतले, त्यामुळे आम्हाला वाटलं, सोपं आहे. मी आगरकरांची बाजू घेणार हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही चिठ्ठ्यासुद्धा टाकल्या नाहीत. सरळ सांगितलंत, "तू विरोधात बोलायचंस."

मी चिडले. माझ्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं होतं. मी म्हटलं, बाई, हे मी बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तू. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली की मग ती खोडायला उभी राहा. तोवर तू नुसती रागावलेली आहेस." त्या आठवड्यात मी जे वाचलं त्यातून मला कळलं की विरोध करणारे सगळे एका कारणानं विरोध करत नव्हते. कुणाला रूढी सोडायची नव्हती, हे होतंच. पण परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा का करावा, सुधारणा व्हायची तर ती लोकांना शिकवून आतून व्हावी, हाही एक मुद्दा होता, आणि तो वजनदार होता. मी तो सात मिनिटं मांडला. मग तुम्ही घंटा वाजवलीत आणि म्हणालात, "आता बाजू बदल."

त्या दुसऱ्या सात मिनिटांसारखं मी आजवर बोललेले नाही. कारण आता मला ठाऊक होतं वार कुठून येणार आहे. लोकांना शिकवून सुधारणा होईपर्यंत ज्या मुली मधल्या काळात आहेत त्यांनी काय करायचं, हा एकच प्रश्न मी धरून ठेवला. घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूनं गडीच बोलत व्हते का गं? आमाला इचारलं का कुनी?" सोमवारी मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही वहीत लिहून घेतलंत. विद्यार्थिनीच्या आजीचं वाक्य शिक्षिका लिहून घेते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही मला लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात लढलेल्या रखमाबाईंबद्दल वाचायला दिलंत, आणि पंडिता रमाबाईंबद्दल, ज्यांनी 1882 मध्ये पुण्यात शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली होती. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं मिळालं. बायका बोलत होत्या.

लिहिण्याचं तुमचं शिकवणं वेगळं होतं. लाल शाई नाही, पेन्सिल. समासात बारीक अक्षरात दोनच शेरे असायचे: 'म्हणजे काय?' आणि 'तू पाहिलंस का?' 'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध सगळ्या शाळा देतात. तुम्ही दिलात तेव्हा अट घातलीत की आधी पूर आठवणाऱ्या कुणाला तरी भेटून या. आमच्या ओळखीत एक आजोबा होते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे. मी दोन तास त्यांच्यापाशी बसले. पाणी कुठपर्यंत आलं ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता, आणि त्यांच्या आईनं त्या चिखलात आधी शोधलं ते पोळपाट-लाटणं. माझ्या निबंधात 'रौद्ररूप' आणि 'होत्याचं नव्हतं' असे शब्द होते. तुम्ही दोन्हींवर पेन्सिल फिरवलीत आणि पोळपाटाखाली रेघ मारलीत. समासात या वेळी वेगळा शेरा होता: 'हे.'

आज मी नोकरीत अहवाल लिहिते, वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देते. रेशनकार्डाचा, पेन्शनचा, शाळेच्या दाखल्याचा. प्रत्येक अर्जात मी ते 'हे' शोधते. तारीख, रक्कम, कोणत्या खिडकीवर काय सांगितलं. असा अर्ज बाजूला सारणं समोरच्याला जड जातं.

वसंत व्याख्यानमालेचंही सांगायला हवं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानं अजून होतात याचंच आम्हाला नवल वाटायचं. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आम्हाला टिळक स्मारकला न्यायचात. अट एकच, प्रत्येकानं एक प्रश्न लिहून आणायचा. तो विचारलाच पाहिजे असं नाही, लिहायचा मात्र. निम्म्या व्याख्यानांतलं मला काही कळायचं नाही. पण प्रश्न लिहायचा म्हणजे कान देऊन ऐकावंच लागतं, आणि ऐकायची सवय मला त्या खुर्च्यांवर बसून लागली. परतताना उशीर व्हायचा. माझ्या वडिलांना तुम्ही पहिल्या वर्षी स्वतः येऊन भेटलात, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर बसून चहा घेतलात आणि सांगितलंत, "साडेनऊच्या आत मी तिला दारात आणून सोडीन." पाच उन्हाळे सोडलंत. वडील अजून तुम्हाला 'साडेनऊच्या बाई' म्हणतात.

एक गोष्ट राहिली. अकरावीत, शाळा सुटल्यावरही मी शनिवारी येत होते, तेव्हा सांघिक वादविवादाच्या अंतिम फेरीत तुम्ही मला बसवलंत आणि माझ्या जागी त्या अडखळत बोलणाऱ्या मुलाला उभं केलंत. करंडक आपला होता, बाई. तो एका शब्दावर इतका वेळ अडकला की लोक चुळबुळ करू लागले. तुम्ही मागच्या रांगेत मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला होतात. त्यानं त्याचे चारही मुद्दे पूर्ण केले, दुसरी घंटा वाजायच्या आत. आपण हरलो. मी दोन शनिवार आले नाही. तुम्ही निरोप धाडला नाहीत, कारणही विचारलं नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले तर वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं, आणि तो मुलगा बोलायला उभा होता. त्या दिवशी मी घड्याळाकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. तेव्हा माफी मागितली नव्हती. आता मागते.

पुढं कॉलेजात इंग्रजी वादविवाद आले. विषय कळल्यावर तयारीला पंधरा मिनिटं, बोलायला सात. समोरच्यांचं इंग्रजी फर्डं होतं, माझं नव्हतं. पण उभी रेघ माझ्याकडे होती. तेवढ्यावर निभावलं, कधीकधी जिंकलेही.

रविवारच्या बैठकीनंतर दोन मुली माझ्यापाशी आल्या. दोघी नववीत. एकीचा प्रश्न, "ताई, तुम्ही कागदावर काय लिहीत होता?" तिला 'ण' म्हणता येत नाही. दुसरी काही बोललीच नाही, पण जाताना तिनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. बैठकीत कोण काय म्हणालं ते सगळं तिनं लिहून ठेवलं होतं, नावांसकट, आणि कुणाचंही काही वाढवलेलं नव्हतं.

त्या दोघींना घेऊन या शनिवारी साडेअकराला तुमच्याकडे येऊ का? आणि ती पितळी घंटा अजून तुमच्याकडे असेल, तर थोडे दिवस मला द्याल का?

तुमची,
पाण्यावर बोललेली मुलगी