रूटचा पासवर्ड आणि होम फोल्डर

प्रिय मित्रा,

तू लिनक्सवर आलास हे वाचून मनापासून आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलंस, "आता व्हायरसची चिंता मिटली." त्या एका वाक्यापायी हे लांबलचक पत्र लिहितोय.

रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार असल्याशिवाय सिस्टीमच्या फायलींना हात लावता येत नाही, हे खरंच आहे. पण ही व्यवस्था लिनक्सच्या आधीच्या युनिक्स या सिस्टीमच्या काळातली, एकाच मशीनवर अनेकजण काम करायचे तेव्हाची. तुझ्या मशीनवर तू एकटा. सिस्टीम बिघडली तर ती पुन्हा इन्स्टॉल होईल. फोटो, लेखन, हिशेब, ब्राउझरमध्ये साठलेली लॉगिन, ज्यांच्यासाठी तुझा जीव तुटेल ते सगळं होम फोल्डरमध्ये असतं. आणि तुझ्या नावाने चालणारा साधा प्रोग्रॅमही ते फोल्डर वाचू शकतो, पुसू शकतो, बाहेर पाठवू शकतो. पासवर्ड विचारलाही जात नाही. तिजोरीला भक्कम कुलूप आणि दागिने ओसरीवर, अशी ही तऱ्हा.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हा, की तू मशीनवर काय चालवतोस आणि ते कुठून आणतोस. डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तू निवडलेल्या प्रकाराच्या) अधिकृत रिपॉझिटरीतल्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या साठ्यातल्या, पॅकेजची डिजिटल सही तपासूनच ते इन्स्टॉल होतं. ही सोय फार मोलाची आहे, ती सोडू नकोस. "ही ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट करा" असं सांगणाऱ्या पानांपासून जपून राहा; टर्मिनल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारी खिडकी. निदान ती ओळ कुठून काय उतरवते ते आधी वाच. बाहेरची रिपॉझिटरी जोडताना तर दहादा विचार कर, कारण पॅकेज इन्स्टॉल होताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. म्हणजे त्या रिपॉझिटरीच्या मालकाला दर अपडेटला तू रूटचा अधिकार देतोस. आर्च लिनक्स या डिस्ट्रोच्या एयूआर या वापरकर्त्यांच्या साठ्यात कुणीही पॅकेज टाकू शकतं. जुलै २०२५ मध्ये तिथे ब्राउझरच्या नावाखाली अशी पॅकेज आली, की इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनचा ताबा दुसऱ्याच्या हाती जावा.

इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइलसुद्धा तपासून घ्यायची असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या वेबसाइटमध्ये शिरकाव करून डाउनलोडची लिंक बदलली गेली आणि लोकांनी मागचं दार उघडं असलेली आयएसओ उतरवली. चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे पडताळायचा आकडा) त्याच साइटवर असेल तर हल्लेखोर तोही बदलू शकतो. म्हणून जीपीजी सही (फाइल खऱ्या निर्मात्याचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) तपास, आणि ती ज्या किल्लीने तपासायची ती किल्ली दुसऱ्या वाटेने पडताळून घे.

एक्सझेड प्रकरण तुला ठाऊक असायलाच हवं. फायली दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असा कोडचा संच) जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत असते. एका टोपणनावाच्या माणसाने सुमारे दोन वर्षं प्रामाणिक वाटणारं काम करून प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमध्ये (दुरून मशीनवर लॉगिन करायच्या सोयीत) शिरण्याची चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना ती सापडली. सोर्स उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, पण तो उघडा असूनही आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. डेबियन डिस्ट्रोच्या 'स्टेबल' या स्थिर शाखेपर्यंत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. रोजच्या कामाच्या मशीनवर स्थिर आवृत्ती ठेव असं मी म्हणतो, ते याचसाठी.

स्थिर म्हणजे शिळं मात्र नव्हे. सुरक्षेचे अपडेट आपोआप येऊ देत, आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला की मशीन रीस्टार्ट कर, नाहीतर जुनाच कर्नल चालत राहतो. पोलकिट या, कुणाला कोणता अधिकार द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधली, साध्या वापरकर्त्याला रूट करणारी चूक २००९ पासून तिथे होती. ती जगापुढे आली जानेवारी २०२२ मध्ये.

आता डिस्क. मशीन चोरीला गेलं किंवा दुरुस्तीला दिलं, तर लॉगिनच्या पासवर्डाचा उपयोग शून्य. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं. यावर उपाय एलयूकेएस एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येऊ नये अशी डिस्क कुलूपबंद करणं. इन्स्टॉल करतानाच तो पर्याय निवड, नंतर ते करणं जिकिरीचं होतं. पासवर्ड म्हणून लांब, काही असंबद्ध शब्दांचं वाक्य घे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. हे संरक्षण मशीन पूर्ण बंद असतानाच पुरतं; नुसतं झोपवलेलं असेल तर किल्ली मेमरीत असते. आणि डिस्कच्या सुरुवातीचा एलयूकेएस हेडर (किल्लीची माहिती असलेला भाग) खराब झाला, तर बरोबर पासवर्ड असूनही डेटा परत मिळत नाही. त्या हेडरची प्रत वेगळ्या जागी, सांभाळून ठेव.

फायरवॉल चालू कर, पण त्याला फार वेळ देऊ नकोस. एसएसएच सर्व्हर लागत नसेल तर काढूनच टाक. अँटिव्हायरसवाचून तुझं अडणार नाही. त्यापेक्षा ब्राउझरची नको ती एक्स्टेंशन काढ, ती तू उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात. शक्य असेल तर सेशन वेलँडचं (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचं) घे, कारण तिच्या आधीच्या जुन्या एक्स११ मध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं सहज टिपू शकतो. फ्लॅटपॅक या इन्स्टॉल करायच्या पद्धतीने प्रोग्रॅम कोंडून ठेवता येतात खरे, पण काहींना अख्ख्या होम फोल्डरची परवानगी आधीच दिलेली असते. ती बघून काढून टाक.

आणि बॅकअप. एक प्रत अशा बाहेरच्या डिस्कवर, जी काम झालं की काढून ठेवशील. सतत जोडलेली डिस्क तुझ्या फायलींसोबतच पुसली जाऊ शकते. बॅकअपही एन्क्रिप्ट कर, आणि त्यातली एखादी फाइल परत आणून बघ. परत येत नसेल तर तो बॅकअपच नाही.

एन्क्रिप्शन न करताच इन्स्टॉल केलं असशील, तर बॅकअप तपासून झाल्यावर सगळं पुसून पहिल्यापासून कर. अजून त्यात फार काही साठलेलं नाही, तोवरच हे सोपं आहे. कुठली डिस्ट्रो घेतलीस आणि बाहेरच्या कोणत्या रिपॉझिटरी जोडल्यास ते कळव. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
जुना मित्र